चलान फाटलं, गाडी निघाली

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि रतन चौरे धुळ्याच्या बाजारात होतो. कॉल लेटरबरोबर सामानाची यादी आली होती. काळी पत्र्याची पेटी, दोन कुलपं, स्टीलचा मग, पांढरे बनियन. सगळं घेऊन आम्ही मोटरसायकलवर बसलो. गाडी माझ्या नावावर होती. चालवत होता रतन, मागे मी आणि आमच्या दोघांच्या मधे पेटी. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा रतन मागे वळून काहीतरी बोलला आणि आम्ही दोघं हसलो. काय बोलला ते आता आठवत नाही. वर खांबावर कॅमेरा होता, हे आमच्या गावीही नव्हतं.

मी भटू, पारोळ्याचा. माझे वडील, आबा, मार्केट यार्डात हमाल होते. कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती ट्रकमध्ये भरायची, हे त्यांनी जन्मभर केलं. रतन पिंपळनेरच्या पलीकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. वडील लहानपणीच गेलेले. आई नागली पिकवायची आणि ऊसतोडीला गुजरातेत जायची. भरतीच्या तयारीसाठी आम्ही धुळ्यात एका खोलीत राहत होतो. तो माझ्याहून जोरात पळायचा, मी त्याच्याहून बरं गणित करायचो. जळगावच्या भरतीत दोघांचीही निवड झाली. मोटरसायकल चालवायला त्याला मीच शिकवलं होतं. लायसन्स काढायचं राहून गेलं होतं.

हल्ली भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे येतात. पाय अधू असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर पळत नाही, मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. नवा पोरगा आला की मी उंची, छाती विचारत नाही. गाडी कुणाच्या नावावर आहे आणि चलान बाकी आहे का, हे विचारतो. पोरं हसतात. त्यांना वाटतं, फौजीचा स्क्रू ढिला आहे. म्हणून हे एकदा सगळं लिहून काढतो.

चलान हा शब्द आमच्या घरात जुना. ट्रक भरून झाला की व्यापाऱ्याचा माणूस मालाचं चलान फाडायचा आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो कागद मिळाला की गाडी यार्डाबाहेर पडणार. आबांच्या लेखी चलान म्हणजे निघण्याचा परवाना. गाडी कितीही भरलेली असो, चलान नसेल तर ती जागची हलायची नाही. वाहतूक पोलीसही चलान फाडतात, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी कधी सायकलसुद्धा चालवली नाही.

भरतीचा निकाल लागायचा होता, त्या दिवसांत मला पहिलं चलान लागलं होतं. धुळ्यातच, विना हेल्मेट. गाडी घेताना एजंटने कागदावर आबांचा मोबाइल नंबर टाकला होता, त्यामुळे मेसेज त्यांच्या फोनवर गेला. त्यांनी तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला. शेजाऱ्याला माझं नाव आणि चलान एवढे दोनच शब्द लागले. मी संध्याकाळी घरी पोहोचलो तर गल्लीत पेढे वाटून झाले होते. आबा ओट्यावर स्वच्छ धोतर नेसून बसले होते.

"पोऱ्या, तुन्हं चलान उनं," ते म्हणाले. "चलान फाटाबिगर गाडी हालत नही. आते तू निंघना."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझ्याच तोंडात पेढा कोंबला. नशीब असं, की चारच दिवसांनी खरोखर यादी लागली आणि तीत माझं नाव होतं. मग कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. तो दंड मी धुळ्यात गुपचूप भरून टाकला आणि हेल्मेटच्या बाबतीत कानाला खडा लावला. खडा किती दिवस टिकला, ते वर सांगितलंच आहे.

पेटी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सेंटरला निघालो. रतनला सोडायला कुणी आलं नव्हतं, त्याची आई ऊसतोडीवर होती. आबांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मग त्याच्याही लावलं.

सेंटरचे पहिले काही आठवडे कुणालाच नीट आठवत नाहीत. पहाटे शिटी, फॉल-इन, पीटी, नाश्ता, ड्रिल, शस्त्र, पुन्हा ड्रिल. आमचे उस्ताद एक हवालदार होते. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा. चूक एकाची झाली तरी रगडा सगळ्या सेक्शनला. रतन आणि मी एकाच बॅरकमध्ये, शेजारच्या खाटांवर. तो ड्रिलमध्ये मार खायचा, कारण डावं-उजवं त्याच्या डोक्यात उशिरा पोहोचायचं. मी दोरावर चढण्यात मार खायचो. रात्री एकमेकांच्या पायाचे फोड बघायचो आणि शिव्या द्यायचो.

रविवारी घरी फोन करायला मिळायचा. लांब रांग, मागून ओरडा, बोलायला दोन-चार मिनिटं. एका रविवारी आबा म्हणाले, सरकारने तुमचा दोघांचा निघतानाचा फोटो छापून पाठवला आहे, पेटी सुद्धा दिसते. मला वाटलं, पेपरात भरतीची बातमी आली असेल. बरं म्हणालो आणि फोन मागच्याला दिला.

खरी गोष्ट अशी, की आम्ही गेल्यावर त्यांच्या फोनवर दुसरा मेसेज आला होता. ते तो घेऊन गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चलान आहे, फोटो पण आहे, प्रिंट काढू का? आबा म्हणाले, काढ. यांना माहीतच असेल म्हणून त्यानेही पुढे काही सांगितलं नाही. आबांनी तो कागद घरी आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकामागे उभा करून ठेवला. रोज सकाळी पूजा करताना ते त्यालाही नमस्कार करत. आईने हे मला नंतर सांगितलं.

भरती झालेल्या प्रत्येकाची घरच्या पोलिसांकडून चौकशी होते. ती परत आल्याशिवाय कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या परेडला, उभं करत नाहीत. आमच्या घरी शिपाई आला, त्याने आबांना विचारलं, मुलावर कुठे केस वगैरे? आबा म्हणाले, केस कसली, आणि उठून देव्हाऱ्यातून तो कागद आणून त्याच्या हातात दिला. सरकारी माणूस आला आहे, त्याला सरकारी कागद दाखवायला हवा. शिपायाने बघितलं आणि त्याचं काम केलं. दंड न भरल्यामुळे प्रकरण तोवर कोर्टात गेलं होतं. आबांचा कागद परत देऊन त्याने चौकशीच्या अहवालावर तसा शेरा मारला आणि तो पुढे पाठवला. आबांनी त्याला चहा पाजला.

कसम परेडला दोन आठवडे राहिले होते. ड्रिलच्या मधून मला कंपनी ऑफिसात बोलावणं आलं. उस्तादांनी विचारलं, "क्या करके आया है?" मला काहीच माहीत नव्हतं. टोपी काढून, बेल्ट काढून मला मेजर साहेबांसमोर मार्च करून नेलं. सुबेदार साहेब बाजूला उभे होते. मेजर साहेबांनी शेरा वाचून दाखवला. कोर्टात प्रकरण प्रलंबित. मी भरतीच्या वेळी सही करून दिलं होतं, की माझ्यावर काही प्रकरण नाही.

खोटं लिहून दिलं असं ठरलं तर घरी पाठवतात. नुसता उशीर झाला तर रेलिगेट करतात, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलतात. दोन्हींत माझी बॅच माझ्याशिवाय कसम घेणार होती. हातातोंडाशी आलेला घास जात होता आणि तो का जातो आहे हे मला कळत नव्हतं.

हेड क्लार्कने फोनवर चलान उघडून साहेबांपुढे धरलं. फोटो मीही पाहिला. तेव्हा मला रविवारचं आबांचं बोलणं आठवलं.

मेजर साहेब म्हणाले, "गाड़ी तेरी है. चला कौन रहा है?"

चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. त्याचं नाव घेतलं तर एकाच्या जागी दोघं गेले असते. दाराबाहेर रतन उभा होता. माझ्या मागोमाग तो न विचारता ड्रिल सोडून आला होता, हा वेगळा गुन्हा. त्याने बाहेरूनच आवाज दिला.

"मैं, साहब. लाइसेंस नहीं है, साहब."

सुबेदार साहेबांनी त्याला आत घेतलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा सावधान बरोबर आला होता. मेजर साहेब मला म्हणाले, कोर्टातलं प्रकरण मिटव, कागद परेडच्या आधी माझ्या टेबलावर पाहिजे. आला तर उभा राहशील, नाही आला तर नाही. रतनकडे बघून सुबेदार साहेबांना म्हणाले, याला गाडीची एवढी हौस आहे तर पुढे ड्रायव्हिंग कॅडरला नाव टाका. त्या दिवशी आम्ही दोघं डोक्यावर रायफल धरून मैदानाला किती वेळा फिरलो, ते मोजायच्या अवस्थेत आम्ही नव्हतो.

प्रकरण मोबाइलवरून मिटणार नव्हतं. मला सेंटरमधून सुट्टी नव्हती, माझ्यातर्फे कुणीतरी धुळ्याच्या कोर्टात उभं राहायला हवं होतं. म्हणजे आबांना सांगणं आलं. सुबेदार साहेबांनी मला ऑफिसचा फोन दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

मी आबांना सगळं सांगितलं. हे चलान मालाचं नाही. हा दंड आहे. डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणून पोलिसांनी फोटो काढला. पहिलंही तसलंच होतं.

आबा म्हणाले, "तं मंग आपुन पेढा कसाना वाटात?"

दुसऱ्या वेळी मी हेल्मेट घातलं असतं तर म्हातारा जन्मभर त्याच आनंदात राहिला असता. फोन कानाला धरून मी रडलो. सेंटरमध्ये मी तेवढा एकदाच रडलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी यार्डात खाडा केला आणि धुळ्याला गेले. कोर्टाची पायरी ते पहिल्यांदा चढत होते. नाकी नऊ आले त्यांच्या. एकदा कारकून नव्हता, एकदा तारीख नव्हती. तरी ते रोज सकाळच्या एसटीने जात राहिले आणि शेवटी दंड भरून पावती घेऊनच आले. मोबाइलवाल्याने पावतीचा फोटो पाठवला. हेड क्लार्कने तो छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. परेडच्या रिहर्सलला सुबेदार साहेबांनी मला माझ्या जागी उभं केलं.

कसम परेडला आबा आले होते. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून. माझ्या शेजारच्या रांगेत रतन होता. त्याच्या आईला यायला जमलं नव्हतं. परेडनंतर आईवडिलांच्या छातीवर पदक लावतात. रतन पदक हातात धरून उभा होता, इकडे तिकडे बघत. आबांनी त्याला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या छातीवर दुसरी जागा दाखवली. रतनने पदक लावलं आणि सॅल्यूट केला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, गाडी चालाडस तं डोकावर टोपडं घालत जाय," ते म्हणाले.

रतन म्हणाला, "हो आबा."

योगायोगाने दोघांना एकच युनिट मिळालं. रतनने ड्रायव्हिंगचा कोर्स, म्हणजे ते कॅडर, केला आणि ड्रायव्हर झाला. डावं-उजवं न कळणारा माणूस स्टिअरिंगवर बसला की वेगळाच व्हायचा. डोंगरातला होता, वळण त्याच्या अंगातच होतं. साहेब लोक लांबच्या रस्त्याला त्यालाच मागायचे. ट्रक सुरू करण्याआधी तो फौजी हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली ओढून बघायचा आणि मला म्हणायचा, आबांचं टोपडं. त्यांच्यासाठी तो प्रत्येक सुट्टीत पिंपळनेरहून आईने दिलेली नागली घेऊन यायचा. आबा भाकरी खाताना त्याला म्हणायचे, आपला धाकटा आंडोर, धाकटा मुलगा.

आमची पोस्टिंग उत्तरेला, उंचावर होती. ठिकाण सांगत नाही. हिवाळा होता. सकाळी सात वाजता तीन गाड्या रेशन आणि रॉकेल घेऊन पुढच्या पोस्टकडे निघाल्या. आमची मधली. रतन स्टिअरिंगवर, मी को-ड्रायव्हर, रेडिओ सेट माझ्याकडे. मागे सहा जवान. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी.

पुढच्या गाडीचा आवाज सेटवर आला. "आगे सड़क पर बर्फ जमी है. धीरे. ओवर."

मी उत्तर दिलं. रतनने गिअर टाकला. वळणावर मागची चाकं सरकली. त्याने घाई केली नाही, गाडी डोंगराकडे घेतली. तरी मागचं उजवं चाक रस्त्याच्या कडेबाहेर गेलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. त्याचा पाय ब्रेकवर होता.

"मी ब्रेकवर आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना उतरव."

मी डोंगराकडच्या दारातून उतरलो. मागच्यांना एकेक करून खाली घेतलं. सहाही उतरले. मग आम्ही दगड शोधून चाकांना लावायला लागलो. दगड बर्फात चिकटलेले, संगिनीने उकरावे लागत होते. मी रतनला ओरडून सांगितलं, डाव्या दाराने उडी मार. तो म्हणाला, पाय काढला तर तुमच्यावर येईल. ते खरं होतं. रस्ता चढाचा होता आणि आम्ही गाडीच्या मागे होतो.

"भटू, वर बघू नको. दगड लाव."

हे त्याचे शेवटचे शब्द. मी दुसरा दगड लावत होतो तेव्हा कडेची मातीच सुटली. गाडी मागे फिरली, माझा पाय चाकाखाली आला आणि मग गाडी तिथे नव्हती. आवाज बराच वेळ येत राहिला. सेट माझ्या खांद्याला होता. मी रिपोर्ट दिला. "एक गाड़ी नीचे. ड्राइवर अंदर. बाकी सब ऊपर. ओवर." पुढून विचारणा झाली, ड्रायव्हर कोण? मी नाव सांगितलं.

त्याला वर आणलं तेव्हा मला हेलिकॉप्टरकडे नेत होते. स्ट्रेचरवरून मला एवढंच दिसलं, की हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं आणि पट्टी हनुवटीखाली बसलेली होती.

तो पाड्यावर तिरंग्यात आला, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होतो. आबा त्याला निरोप द्यायला पाड्यावर जाऊन आले. पायात सळ्या बसल्या, मेडिकल बोर्डाने फौजेतून मोकळं केलं, मी घरी आलो. काठी घेऊन चालता यायला लागल्यावर मी म्हणालो, रतनच्या आईकडे जायचं. आबा उठून देव्हाऱ्यापाशी गेले. टाकामागून त्यांनी तो कागद काढला. दंड भरून झाला, सगळं कळलं, तरी त्यांनी तो टाकला नव्हता. हळदीने कागद पिवळा झाला होता.

साक्री, पिंपळनेर आणि तिथून पुढे जीपने. रतनच्या घराच्या भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता, हार घातलेला. ओळखपत्राला काढतात तसला, मान ताठ, डोळे मोठे. त्याची आई म्हणाली, हा माझ्या रतनसारखा दिसत नाही. तो असा कधी बघायचा नाही.

आबांनी कागद तिच्या हातात दिला. मोटरसायकल, मधे काळी पेटी, मागे मी, आणि पुढे रतन मान वळवून हसतो आहे. दात दिसतात. तिने कागद उजेडात धरला. खूप वेळ बघितला. मग फोटोखालच्या ओळींवर बोट ठेवून तिने विचारलं, इथे काय लिहिलं आहे?

मी बघितलं. गाडीचा नंबर, जागा, विना हेल्मेट, रक्कम.

आबा म्हणाले, "लिखेल शे, चलान फाटनं. गाडी निंघनी."

तिने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मला वाचता येतं, हे तिला माहीत होतं. मी म्हणालो, हो माय, तेच लिहिलं आहे.